ओक्लाहोमाला येणाऱ्या खानापूरच्या मैत्रिणीला: टॉर्नेडो कुठं होतात, कधी होतात, आणि बाकीचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मिस्टरांना ओक्लाहोमा सिटीत विमानाचे पार्ट करणाऱ्या कंपनीत काम मिळालंय, तू दोन मुलांना घेऊन मागून जाणार, मोठा आता तिसरीत आणि धाकटी चार वर्षांची, आणि सासूबाईंनी टॉर्नेडोचे, म्हणजे ढगातनं जमिनीपर्यंत येणाऱ्या फिरत्या वाऱ्याच्या सोंडेचे, व्हिडिओ बघून घर डोक्यावर घेतलंय की पोरांना तिकडं नेऊ नका. म्हणून तू विचारलंस की हे नेमके कुठं होतात, कुठल्या महिन्यात होतात, दुसरं राज्य बघितलं तर सुटका होईल का, आणि शाळेचं काय. मी बेळगावातल्या शहापूरची, आता बरीच वर्षं ओक्लाहोमा सिटीच्या दक्षिणेला नॉर्मनजवळ राहते. वयानं लहान वाटलीस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. व्हिसा, फॉर्म, फी यातलं काही सांगत नाही, ते सगळं सरकारी साईटवर आहे आणि सारखं बदलतं.

आधी सासूबाईंना एवढं सांग की अंटार्क्टिका सोडला तर जगातल्या सगळ्या खंडांत टॉर्नेडो होतात आणि भारतातही होतात. 1978 च्या मार्चमध्ये दिल्लीत झालाय, माणसं गेलीत त्यात. 2009 च्या मार्चअखेरीस ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात झालाय. आणि सगळ्यात जास्त बळी घेतलेला म्हणून ज्याची नोंद आहे तो अमेरिकेतला नाहीच, बांगलादेशातला आहे, 26 एप्रिल 1989, दौलतपूर आणि साटुरियाचा भाग, तेराशेच्या आसपास माणसं गेली असं धरतात. पत्र्याची आणि मातीची घरं, दाट वस्ती, आधी सांगणारं कुणी नाही. ते वाचल्यापासून मला एक कळलं की वारा किती जोराचा यापेक्षा तो कुणाच्या घरावर आणि कसल्या घरावर येतो यावर सगळं आहे. अमेरिकेत वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास होतात, जगात सगळ्यात जास्त, पन्नासही राज्यांत नोंद आहे, तरी माणसं मरण्याचं प्रमाण त्या मानानं कमी, कारण आधी सांगतात आणि लपायला जागा असते.

मग आपल्याकडं खानापूर-बेळगावात का होत नाहीत, हे मी इथं आल्यावर खूप वाचलं. वळीव तर आपल्याकडंही येतोच की, मेमध्ये दुपारी उकडून जीव जातो, चारच्या पुढं ढग चढतात, लिंबाएवढ्या गारा, आंब्यांचा सडा, कुणाचे तरी पत्रे उडालेले. सुरुवात दोन्हीकडं सारखीच आहे, तापलेली जमीन, दमट हवा आणि उंच चढणारा ढग. फरक आहे वरच्या वाऱ्याचा. इथं वसंतात जमिनीलगत दक्षिणेकडनं, मेक्सिकोच्या आखातावरनं दमट गरम हवा येते, पश्चिमेकडनं न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्ससच्या उंचावरनं कोरडी हवा येते, आणि या सगळ्याच्या वरनं जेट स्ट्रीमचा जोराचा वारा वाहतो. म्हणजे खालचा वारा एका दिशेचा, वरचा दुसऱ्या दिशेचा आणि त्याच्या कितीतरी पट वेगाचा. त्यामुळं हवेत आडवा पीळ पडतो आणि वर चढणारा ढग तो पीळ उभा करतो, मग अख्खा ढगच फिरायला लागतो, त्याला सुपरसेल म्हणतात. तरीही बहुतेक सुपरसेलमधनं टॉर्नेडो निघत नाही. आपल्यावर मेमध्ये ते वरचं वारं एवढं जोराचं नसतं, म्हणून आपला वळीव तासाभरात बरसून मोकळा होतो. शेतात भर उन्हात उठते ती वावटळ वेगळी, ती तापलेल्या जमिनीवरनं उठते आणि तिथंच विरते, वर ढग लागत नाही तिला. चक्रीवादळ अजून वेगळं, ते समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि चार-चार दिवस आधी टीव्हीवर त्याचा नकाशा येतो. टॉर्नेडो ढगाला लोंबत येतो, बहुतेक वेळा काही मिनिटं टिकतो, रुंदी काही शे मीटरच्या आत. अपवाद आहेतच, 31 मे 2013 ला इथंच एल रेनोला झाला तो 2.6 मैल रुंद होता, आजवर मोजलेला सगळ्यात रुंद.

आता महिने. याचा हंगाम दक्षिणेकडनं उत्तरेकडं सरकत जातो, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. मार्च-एप्रिलला आखाताजवळची राज्यं, एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस, मग जून-जुलैला नेब्रास्का, डाकोटा, मिनेसोटा आणि त्याच्या वर कॅनडातला सपाट मुलूख. ओक्लाहोमाचा महिना म्हणजे मे. वेळ साधारण दुपारी चार ते रात्री नऊ, कारण जमीन तापायला तेवढा दिवस जावा लागतो. आणि बहुतेक वेळा नैऋत्येकडनं ईशान्येकडं जातात, त्यामुळं इथली माणसं संध्याकाळी अंगणात उभी राहून नैऋत्येलाच बघत असतात, तूही सहा महिन्यांत तशीच बघायला लागशील. पण हा काही कायदा नाही. मूर गावावर 20 मे 2013 ला आला तो दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटायच्या वेळेला. सल्फर गावावर 27 एप्रिल 2024 ला आला तो रात्रीचा. आणि त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला खुद्द ओक्लाहोमा सिटीत पहाटेच्या अंधारात आले, नोव्हेंबरमध्ये, जेव्हा सगळ्यांच्या डोक्यात थंडीचे कपडे आणि दिवाळी.

दुसरं राज्य बघितलं तर सुटका होईल का, असं विचारलंस. बहिणी, मीही हे सगळं करून बसलेय, नवऱ्याच्या मागं लागून लागून. खाली अलाबामा, मिसिसिपी, टेनेसीकडं टॉर्नेडो कमी नाहीत आणि एका बाबतीत तिकडचे वाईट, रात्री येतात, झाडी आणि टेकड्यांमुळं लांबनं दिसत नाहीत, आणि चाकावरच्या घरांत, ज्याला मोबाईल होम म्हणतात, राहणारे लोक जास्त. तिकडं नोव्हेंबर-डिसेंबरलाही होतात. केंटकीतल्या मेफिल्डवर 10 डिसेंबर 2021 च्या रात्री आला, त्या एकात पन्नासहून जास्त माणसं गेली. नॅशव्हिलला 3 मार्च 2020 ला मध्यरात्रीनंतर आला. फ्लोरिडा म्हणशील तर ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन चक्रीवादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच त्याच्या ढगांमधनं कितीतरी टॉर्नेडो निघाले. मिझुरीतलं जॉप्लिन, 22 मे 2011, 158 माणसं. डोंगर असले की येत नाही म्हणतात तेही खरं नाही, ऑगस्ट 1999 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या भर शहरात आलाय. पश्चिम किनाऱ्याला फार कमी होतात हे खरं, पण तिकडं भूकंप आहे, वणवे आहेत आणि घरभाडं असं आहे की एका पगारात चौघांचं भागायचं नाही. मिस्टरांना काम ओक्लाहोमात मिळालंय ना, मग ये ओक्लाहोमातच. इथल्या माणसांना याची जेवढी माहिती आहे तेवढी दुसरीकडं नाही.

आणि हे मनापासून सांगते, उगीच धीर द्यायला नाही. टॉर्नेडोचा जोर EF0 ते EF5 असा धरतात, 2007 पासून ही मोजणी आहे, त्याच्या आधी फुजिता नावाच्या शास्त्रज्ञाची 1971 ची मोजणी होती. दहातले आठेक EF0 नाहीतर EF1 असतात, फांद्या मोडतात, छपराची कौलं जातात, कुंपण आडवं होतं. सगळं मुळापासनं उपटून नेणारे EF4, EF5 शंभरात जेमतेम एखादा-दुसरा. व्हिडिओ मात्र त्यांचेच फिरतात. सासूबाईंनी बघितला तो बहुधा मूरचाच असणार, 1999 चा नाहीतर 2013 चा. मूर माझ्या घरापासनं फार लांब नाही, भाजीला जाते मी तिकडं. आज गेलीस तर नवी घरं, नवी झाडं, नवी शाळा दिसेल. त्या गावानं 2014 मध्ये घरांच्या बांधकामाचा नियमच बदलला, ताशी 135 मैलांचा वारा सोसेल असंच घर बांधायचं, देशात असं करणारं ते पहिलं गाव.

आणखी एक गोष्ट मिस्टरांना सांग, त्यांना आवडेल. टॉर्नेडो येणार असं आधी सांगणं सुरू झालं ते ओक्लाहोमा सिटीतच, टिंकर नावाच्या हवाई दलाच्या तळावर. 20 मार्च 1948 ला तिथं टॉर्नेडोनं उभी विमानं मोडली. मग तिथल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना सांगितलं की हे आधी कळतं का बघा. त्यांनी नकाशे काढून बघितले आणि पाचच दिवसांनी, 25 मार्चला, आजही तशीच हवा आहे असं लिहून दिलं, आणि त्या संध्याकाळी खरंच तळावर दुसरा टॉर्नेडो आला. आज देशभराचा अंदाज देणारं केंद्र आमच्या नॉर्मनमध्येच आहे. वॉच आणि वॉर्निंग हे दोन शब्द घरातल्या सगळ्यांना पाठ करून ठेव. वॉच म्हणजे मोठ्या भागात पुढचे काही तास हवा तशी आहे, फोन चार्ज करा, मुलं कुठं आहेत बघा. वॉर्निंग म्हणजे तुमच्याच भागात रडारवर फिरता ढग दिसतोय किंवा कुणी डोळ्यांनी बघितलाय, लगेच लपा. वॉर्निंगनंतर हातात सरासरी दहा मिनिटांच्या आसपास वेळ असतो. भोंगा वाजतो तो बाहेर असलेल्या माणसांसाठी असतो, घरात एसी चालू असला तर ऐकूही येत नाही, त्यावर विसंबू नको, फोनवरचे अलर्ट चालू ठेव. शनिवारी दुपारी बाराला मात्र त्याची चाचणी असते, पहिल्या शनिवारी घाबरून पोरांना घेऊन बाथरूममध्ये बसू नको.

माहिती एवढीच, आणि ही दोन दिवसांत कुणीही शिकेल. मला खरं सांगायचंय ते पुढचं.

टॉर्नेडोची वेळ चार ते नऊ म्हटलं ना. उन्हाळ्यात आपल्यात आणि इथं साडेदहा तासांचा फरक. म्हणजे इथले संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा बेळगावात पहाटेचे साडेचार. तू ज्या माणसांना फोन करशील ती सगळी त्या वेळेला गाढ झोपलेली असतात. इथं टीव्हीवर सगळे कार्यक्रम बंद करून हवामानवाला बाह्या सरसावून उभा असतो, कुठल्या रस्त्याच्या कुठल्या चौकात ढग पोचला ते मिनिटामिनिटाला सांगत असतो, बाहेर दमट वारा एकदम पडलेला असतो, आभाळ हिरवट झालेलं असतं, नवरा कामावरनं यायचा असतो, आणि घरात मोठं माणूस म्हणून तू एकटी. काय करू असं विचारायला कुणी नाही. बेळगावात साधी लाईट गेली तरी गल्लीतल्या चार बायका दारात येतात, वैनी तुमच्याकडं पण गेली काय म्हणून. इथं सगळी दारं बंद, गॅरेजची शटर खाली, प्रत्येकजण आपापल्या घरात टीव्हीसमोर. मला टॉर्नेडोची भीती किती वाटली यापेक्षा त्या संध्याकाळच्या शांततेची किती वाटली हे कुणाला सांगता आलं नाही. आईला तर कधीच सांगितलं नाही. ती सकाळी उठून चहा घेताना फोन करते तेव्हा इथं रात्र झालेली असते, सगळं निभावलेलं असतं, मी म्हणते पाऊस होता गं थोडा.

उलटंही तसंच असतं हे आल्याशिवाय कळत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पूर आला, मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्या एकदम, तुला आठवत असेल, तुमच्या खानापूरकडं तर पाऊस थांबतच नव्हता. आई-बाबा घरात पाणी शिरेल म्हणून सामान वर चढवत होते तेव्हा इथं मध्यरात्र होती. सकाळी उठून मोबाईल बघितला तर भावाचे मेसेज, फोटो, शेवटी सगळे ठीक आहेत. मी झोपलेली असताना त्यांनी काढलं आणि ते झोपलेले असताना मी काढते. आता त्यांची वयं झालीत, आणि हे असंच चालायचं का याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. नवरा म्हणतो मुलीचं कॉलेज होऊ दे मग बघू. ते मग बघू मी बरीच वर्षं ऐकतेय.

आपल्या भागातनं येणाऱ्यांचं अजून एक दुखणं आहे, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. इथं मराठी माणसं थोडी, गणपतीला जमतात, चांगली आहेत. पण पहिल्यांदा गेले तेव्हा कुठलं गाव विचारलं, बेळगाव म्हटल्यावर, अच्छा म्हणजे तुम्ही कर्नाटकातले, मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता? आणि कन्नड लोकांच्या उगादीला शेजारीण घेऊन गेली तर तिथं मी मराठी. कुणी वाईट बोललं नाही, दोन्हीकडं प्रेमानं जेवायला घातलं. पण लहानपणापासनं ज्या मराठीसाठी घरातली माणसं मोर्च्याला गेली, एक नोव्हेंबरला काळ्या फिती लावल्या, त्या मराठीत इतक्या लांब येऊन आपण पाहुणे ठरलो हे मला लागलं. तुला लागेल का माहीत नाही, तुमची पिढी वेगळी आहे. लागलं तर मला फोन कर, मला कळेल.

शाळेचं विचारलंस. यावर लिहायला बसले की हात थरथरतात अजून. माझी लेक बेळगावात दुसरी पास होऊन आली होती, मराठी माध्यम, पण इंग्रजी गोष्टीची पुस्तकं आपली आपण वाचायची. इथल्या शाळेनं कागद मागितले. प्रगतीपुस्तक मराठीत, शाळेचा दाखला कन्नडमध्ये, जन्मदाखला कन्नडमध्ये, पासपोर्टवर जुनं बेळगाव, नव्या कागदांवर बेळगावी, एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर आडनावच नाही नुसती इनिशियल. भाषांतर करून आणा म्हणाले. मराठीचा भाषांतर करणारा मिळाला तर त्याला कन्नड येत नव्हतं, कन्नडवाला दुसऱ्या राज्यात. तिकडं बेळगावात बाबा एका ऑफिसातनं दुसऱ्या ऑफिसात इंग्रजी दाखल्यासाठी खेटे घालत होते, साहेब मीटिंगला गेलेत, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. आणि इथं शाळेतली बाई सगळे कागद टेबलावर पसरून मला विचारते, हे सगळे एकाच मुलीचे आहेत कशावरून? त्या मुलीच्या समोर विचारलं. शेवटी तिला एक इयत्ता खाली बसवलं आणि वर इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात पाठवलं. तिनं वर्षभर येत असलेलंच पुन्हा गिरवलं आणि घरी येऊन एक अक्षर बोलायची नाही. आता ती हायस्कूलला आहे, हुशार आहे, तिचं ती विसरलीसुद्धा. मला नाही विसरता येत. पुस्तक वाचणाऱ्या पोरीला कागदावरनं अडाणी ठरवलं.

म्हणून तू निघायच्या आधी हे कर. मुलाच्या शाळेकडनं दाखला, मागच्या दोन-तीन वर्षांचे मार्क आणि शाळा कुठल्या माध्यमाची याचं पत्र, सगळं इंग्रजीत, शाळेच्या शिक्क्यासकट आणि हेडमास्तरांच्या सहीनं घे. इंग्रजी विषय होता हे त्यात लिहून घे. दोघांचे जन्मदाखले इंग्रजीत किंवा दोन्ही भाषांत असलेले काढ, नाव पासपोर्टवर आहे तसंच, एका अक्षराचाही फरक नको. लसींचं कार्ड तारखांसकट इंग्रजीत डॉक्टरांकडनं लिहून घे. इथं इयत्ता कमी देतोय म्हणाले तर गप्प बसू नको, परीक्षा घ्या म्हण, लेखी अर्ज दे. आणि धाकटीची काळजी करू नको, ओक्लाहोमात चार वर्षांच्या मुलांना पब्लिक शाळेत प्री-के, म्हणजे बालवर्ग, मोफत आहे, 1998 पासून, फक्त एक सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण झालेली पाहिजेत.

शाळा ठरवताना अजून एक प्रश्न सरळ विचारायचा, इमारतीत शेल्टर, म्हणजे टॉर्नेडोत लपायची भक्कम खोली, आहे का आणि सगळी मुलं त्यात मावतात का. 2013 ला मूरच्या प्लाझा टॉवर्स शाळेत सात मुलं गेली, तिथं शेल्टर नव्हता. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी बांधले, पण सगळीकडं नाहीत. विचारायला लाजू नको, इथले आईबाप विचारतात. आणि वॉर्निंग चालू असताना मुलं आणायला गाडी काढायची नाही, कितीही जीव तुटला तरी. शाळा दार उघडत नाही आणि गाडी ही सगळ्यात वाईट जागा. पुलाखाली थांबणं तर मुळीच नाही, 1999 ला तसं थांबलेली माणसं गेलीत, पुलाखाली वारा अजून जोरात घुसतो.

आम्ही आलो तेव्हा अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर होतो. त्या पहिल्या मेमध्ये समोरच्या घरातली एक म्हातारी बाई भर वाऱ्यात रस्ता ओलांडून आली आणि दारावर थापा मारून म्हणाली, मुलीला घे आणि चल. तिच्या गॅरेजच्या जमिनीत लोखंडी खोली पुरलेली, वर सरकतं झाकण, आत उतरायला अरुंद पायऱ्या, समोरासमोर दोन बाकडी, एका कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या, बॅटरी, सायकलचं हेल्मेट आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला विचारलं तर म्हणाली वर ढिगारा पडला तर वाजवायला. माझी लेक तिच्या कुत्र्याला कुरवाळत बसली, आम्ही बायका रेडिओ ऐकत. त्या दिवशी टॉर्नेडो आमच्यावरनं गेला नाही, दुसरीकडं वळला. पण त्या बाईनं माझं नाव धड उच्चारता येत नसताना माझ्या पोरीसाठी जागा ठेवली होती. आता ती नाही. तिच्या मुलीनं घर विकलं.

आता आमच्या घरात स्वतःचा तसाच आहे. इथं तळघरं फारशी नसतात, जमीन लाल चिकणमातीची, पावसात फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून घरं सरळ सिमेंटच्या लादीवर. त्यामुळं शेल्टर वेगळा करून घ्यावा लागतो, आणि केला की शहराकडं नोंदवायचा, म्हणजे शोधणाऱ्यांना कळतं कुठं खणायचं. आमच्या शेल्टरमध्ये एका प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात पासपोर्ट आणि लेकीचे ते सगळे दाखले आहेत, कन्नड, मराठी, इंग्रजी, भाषांतराच्या शिक्क्यांसकट. परत कुणापुढं तोंड वेंगाडायला लागू नये म्हणून. शेल्टर नसलेल्या घरात सगळ्यात खालचा मजला, मधली, खिडकी नसलेली खोली, बाथरूम नाहीतर कपाटाची जागा, अंगावर गादी ओढून घ्यायची, डोक्यात हेल्मेट, पायात बूट. बूट विसरायचे नाहीत, नंतर बाहेर सगळीकडं काचा आणि खिळे असतात. खिडक्या उघडून ठेवायच्या असं कुणी सांगेल, ते चुकीचं आहे, वेळ घालवू नको त्यात.

कधी यायचं ते. मिस्टर आधी येऊ देत, तू मुलांना घेऊन जुलैच्या शेवटी ये. इथल्या शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात, ऊन भयंकर असतं पण टॉर्नेडोचा जोर ओसरलेला असतो, आणि पहिल्या मेच्या आधी तुला रस्ते, शेजारी, शाळा ओळखीची व्हायला आठ-नऊ महिने मिळतील. एप्रिल-मेमध्ये दोन मुलांना घेऊन नव्या घरात येऊ नको, तेवढं ऐक. भाड्यानं घर घेताना तळमजला माग, मालकाला विचार की वादळात भाडेकरूंनी कुठं जायचं. नीट उत्तर देत नसेल तर दुसरं घर बघ. पुढं घर घेतलंत तर विम्याचा कागद वाचताना वारा आणि गारांचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः भरायचा भाग, वेगळं बघा, इथं ते घराच्या किमतीच्या टक्क्यांत असतं आणि आकडा मोठा निघतो.

आणि संध्याकाळी सहाला वॉर्निंग लागली, मिस्टर घरी नसले आणि काय करावं सुचत नसेल तर मला फोन कर. मी त्या वेळेला जागीच असते. मिस्टर जे दोन-तीन भाग बघतायत त्यांची नावं पाठव, कुठल्या शाळेत शेल्टर आहे ते इथल्या ओळखीच्या आयांना विचारून कळवते.